प्रवेश, भाकरी आणि नेमणूक : मराठी आत्मकथनांतील महाविद्यालयीन शिक्षणाचा हिशेब

१. प्रस्तावना

दलित, ग्रामीण आणि भटक्या-विमुक्त समाजातील लेखकांच्या आत्मकथनांचा विचार मराठी समीक्षेने प्रामुख्याने वेदना, नकार आणि विद्रोह या संकल्पनांच्या आधारे केला आहे. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ साली प्रसिद्ध झाले. त्यानंतर आलेल्या लेखनाचे वेगळेपण स्पष्ट करण्यास या संकल्पना निश्चितच उपयोगी पडल्या. अनुभवाचे दाहक स्वरूप, बोलीचा वापर, जातिव्यवस्थेचे दर्शन या अंगांनी विपुल लेखन झाले. तथापि या सर्व ग्रंथांत सातत्याने येणारा एक विषय समीक्षेच्या कक्षेबाहेरच राहिला. तो म्हणजे शिक्षणाचा आर्थिक व्यवहार. फी किती, ती कोणी भरली, जेवण कोठे मिळाले, अर्जावर सही कोणाची घेतली, पदवीनंतर नोकरी कशी लागली आणि पहिल्या पगारात कोणाकोणाचा वाटा होता, हे तपशील या लेखकांनी बारकाईने नोंदविले आहेत. वाचकांनी मात्र ते पार्श्वभूमी समजून मागे टाकले.

याचा परिणाम असा झाला की ही आत्मकथने दोन परस्परविरोधी पद्धतींनी वाचली जाऊ लागली. एका पद्धतीत ती दुःखाची कहाणी ठरतात, तर दुसरीत यशोगाथा. पदवीप्रदान समारंभातील भाषणांत आणि गुणवंतांच्या सत्कारांत दुसरी पद्धत विशेष दिसते. गरिबीवर जिद्दीने मात केली, असा तिचा सूर असतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे आहे की या दोन्ही वाचनांत ग्रंथांनी मांडलेला हिशेब हरवतो. महाविद्यालयाचे दार उघडणे, त्या दारातून आत गेल्यावर टिकून राहणे आणि मिळालेल्या पदवीचे उपजीविकेत रूपांतर होणे या तीन वेगवेगळ्या घटना आहेत, आणि एकीमुळे दुसरी आपोआप घडत नाही, ही या ग्रंथांची साक्ष आहे. विवेचनासाठी ‘झोंबी’ (१९८७) व त्यापुढील ‘नांगरणी’ आणि ‘घरभिंती’, ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९), ‘उपरा’ (१९८०), ‘अंतःस्फोट’ (१९८१), ‘अक्करमाशी’ (१९८४), ‘आमचा बाप आन् आम्ही’ (१९९३), ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) आणि ‘आयदान’ (२००३) या ग्रंथांचा आधार घेतला आहे. तुलनेसाठी ‘कोसला’ (१९६३) या कादंबरीचा विचार केला आहे.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

उच्च शिक्षणाचा खर्च कोण सोसतो आणि लाभ कोणाला होतो, हा प्रश्न महाराष्ट्रात नवा नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी तो रोखठोकपणे उपस्थित केला होता. सरकारचा महसूल कष्टकरी रयतेच्या श्रमातून येतो, परंतु शिक्षणावरील खर्चाचा लाभ वरच्या वर्गांना मिळतो, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. पुढील काळात या प्रश्नाची व्यावहारिक उत्तरे शोधणाऱ्यांनी सर्वप्रथम लक्ष दिले ते राहण्या-जेवण्याच्या सोयीकडे. राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि त्यानंतर विविध जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांची मालिकाच उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेचे कार्य वसतिगृहांच्या आधाराने वाढले आणि १९४७ साली साताऱ्यात सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजात ‘कमवा व शिका’ ही कल्पना महाविद्यालयीन स्तरावर रुजली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या वतीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली औरंगाबाद येथे (आजचे छत्रपती संभाजीनगर) पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेलेले महाविद्यालय सुरू केले. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासूनची आहे. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना १९५९ साली आर्थिकदृष्ट्या मागास विद्यार्थ्यांना फी-सवलत देण्याचा निर्णय झाला. हीच पुढे ‘ई.बी.सी.’ या आद्याक्षरांनी घरोघरी परिचित झाली.

येथे विचारात घेतलेल्या आत्मकथनांतील बहुतेक नायक-नायिका या व्यवस्थेच्या छायेत शिकलेल्या आहेत. त्यामुळे ही पुस्तके जशी व्यक्तींची आहेत तशीच ती या संस्थांच्या कार्याची, त्यांच्या यशाची आणि उणिवांचीही कागदपत्रे आहेत.

३. अर्ज : ओळखीची परीक्षा

शिक्षणाचे दार सर्वप्रथम कागदाच्या रूपाने समोर येते. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’तील एक प्रसंग या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचा आहे. फी-सवलतीच्या अर्जावर सरपंचाची सही हवी असते. सवलत गरिबासाठी आहे आणि अर्जदार गरीब आहे, याविषयी कोणाच्याही मनात शंका नाही. तरीही सरपंचापुढे पेच पडतो, कारण या मुलाची ओळख नेमकी कशी लिहावी हेच त्याला उमजत नाही. बाप एका जातीचा आणि त्याने नाकारलेला, आई दुसऱ्या जातीची, सांभाळ करणारी आजी संतामाय आणि तिच्यासोबत राहणारा दादा मुसलमान. ज्याचे दारिद्र्य सर्वांत उघड आहे त्यालाच ते कागदावर सिद्ध करता येत नाही. समीक्षेने या प्रसंगातील अस्मितेच्या प्रश्नाची चर्चा पुष्कळ केली. परंतु हा प्रश्न एका फी-सवलतीच्या अर्जावर उभा राहतो, या वस्तुस्थितीकडे तिचे फारसे लक्ष गेले नाही. ओळख नाकारली जाण्याचे मोल येथे पैशांत मोजता येते, आणि ते शिक्षण सुटण्याच्या शक्यतेशी थेट जोडलेले आहे.

किशोर शांताबाई काळे यांच्या ‘कोल्हाट्याचं पोर’मध्ये हाच पेच वडिलांच्या नावाच्या रकान्यात येतो. तमाशात नाचणाऱ्या आईच्या मुलाने त्या रकान्यात काय लिहावे? लेखकाने आपल्या नावातच आईचे नाव धारण केले आणि मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत मजल मारली. मुलाच्या नावापुढे आईचे नाव लावण्यास शासकीय कागदपत्रांत सर्वसाधारण स्थान मिळण्यास त्यानंतर तीन दशके जावी लागली. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांसाठी महाराष्ट्र शासनाने ते बंधनकारक केले. ज्या रकान्याशी एका विद्यार्थ्याला झगडावे लागले तो रकाना बदलता येण्याजोगा होता, हे यावरून स्पष्ट होते.

‘झोंबी’त कागदाची जागा शब्दाने घेतली आहे. कागलच्या कुळवाड्याचा मुलगा शाळेत जाऊ इच्छितो, बापाला शेतावर हात हवा आहे. आई आणि मुलगा गावातील वजनदार गृहस्थ दत्ताजीराव देसाई यांच्याकडे जातात, ते बापाला खडसावतात आणि शाळेची वाट मोकळी होते. बापाच्या अटी मात्र कायम राहतात. पहाटे शेतावर यायचे, शाळेच्या वेळेपर्यंत काम करायचे, शाळा सुटल्यावर गुरे राखायची आणि कामाची निकड असेल त्या दिवशी शाळा बुडवायची. बाप येथे खलनायक म्हणून वाचला जातो. परंतु अटींची ही यादी बारकाईने पाहिल्यास तिच्यात एका कुटुंबाचे श्रमाचे अंदाजपत्रकच दिसते. शाळेला फी नसली तरी शाळेत घालविलेला प्रत्येक तास या घराला महाग पडतो. शिक्षण ‘मोफत’ असणे आणि ते परवडणे यांतील अंतर आनंद यादव यांनी कोणतेही भाष्य न करता या यादीतून दाखविले आहे.

लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’त हे अंतर आणखी वाढते. गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव टोपल्या विणत हिंडणाऱ्या कैकाडी कुटुंबाला मुक्कामाचे गावच नाही, तर शाळेचे गाव कोठून येणार? येथे बाप मुलाच्या शिक्षणाच्या बाजूने आहे. ‘झोंबी’तील बाप विरोधात आणि ‘उपरा’तील बाप पाठीशी, तरीही दोन्ही मुलांची शाळा वारंवार तुटते. यावरून इच्छाशक्ती हा या कथानकांतील निर्णायक घटक नव्हे, हे ध्यानात येते.

४. वसतिगृह आणि खाणावळ : टिकून राहण्याचे अर्थशास्त्र

प्रवेश मिळाल्यावर प्रश्न येतो तो रोजच्या दोन वेळच्या जेवणाचा. ‘बलुतं’मधील दगडू संगमनेरच्या वसतिगृहात राहून शिकतो. प्र. ई. सोनकांबळे यांच्या ‘आठवणींचे पक्षी’त आईबापाविना बहिणीच्या घरी वाढणाऱ्या मुलाच्या आठवणी आहेत आणि त्यांच्या केंद्रस्थानी भूक आहे. हा मुलगा पुढे मिलिंद महाविद्यालयात शिकला आणि तेथेच इंग्रजीचा प्राध्यापक झाला. त्या महाविद्यालयाचे मराठी वाङ्मयातील स्थान सांगताना नियतकालिके, नाटके आणि चळवळ यांचा उल्लेख केला जातो, आणि तो योग्यच आहे. मात्र ज्या पिढीने हे वाङ्मय घडविले तिच्या शिक्षणाचा पाया वसतिगृहातील जेवणावर आणि शिष्यवृत्तीच्या हप्त्यावर उभा होता, ही गोष्ट तितक्याच ठळकपणे सांगितली गेली पाहिजे.

या संदर्भात भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’शी केलेली तुलना उद्बोधक ठरते. पांडुरंग सांगवीकर हाही खेड्यातून पुण्याला शिकायला आलेला मुलगा आहे. तोही वसतिगृहात राहतो. एवढेच नव्हे, तर तो खाणावळीचा कारभार हाती घेतो आणि त्यात पैसे बुडवून बसतो. त्याच्या परात्मतेची, निरर्थकतेच्या जाणिवेची चर्चा मराठी समीक्षेने विस्ताराने केली आहे. तथापि एक साधी गोष्ट नोंदवावयास हवी. पांडुरंग पदवी न घेता गावी परततो तेव्हा परतण्यासाठी त्याला घर आहे, जमीन आहे आणि रागावणारा परंतु पैसे पुरविणारा बाप आहे. त्याचे अपयश त्याला परवडते. सोनकांबळे, लिंबाळे किंवा माने यांच्या नायकाला नापास होण्याची मुभाच नाही. एक वर्ष वाया गेले तर शिष्यवृत्ती थांबते, वसतिगृह सुटते आणि वसतिगृह सुटले की जेवण सुटते. त्यामुळे ‘कोसला’तील खाणावळ हे बिनधास्त तारुण्याचे रंगस्थळ ठरते, तर आत्मकथनांतील खाणावळ ही शिक्षणाची पूर्वअट ठरते. महाविद्यालयीन जीवनाचे हे दोन अनुभव एकाच भाषेत, जवळपास एकाच कालखंडाविषयी लिहिले गेले आहेत. त्यांतील भेद केवळ संवेदनशीलतेचा नसून ऐपतीचाही आहे. ‘कोसला’चे वाङ्मयीन मोठेपण यामुळे कमी होत नाही. मात्र तिच्यातील निरर्थकतेचा अनुभव हा त्या पिढीतील सर्व ग्रामीण तरुणांचा प्रातिनिधिक अनुभव मानण्याची सवय तपासून पाहावी लागते.

नरेंद्र जाधव यांचे ‘आमचा बाप आन् आम्ही’ या बाबतीत वेगळे उदाहरण पुरविते. ओझरहून मुंबईस आलेल्या दामोदर जाधव यांची मुले उच्च पदांवर पोहोचली. एक भाऊ सनदी अधिकारी झाला, तर स्वतः लेखक अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठातून अर्थशास्त्राची पीएच.डी. घेऊन रिझर्व्ह बँकेत अधिकारी आणि पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. हे पुस्तक बापाच्या कणखर स्वभावाची आणि आंबेडकरी प्रेरणेची गाथा म्हणून वाचले जाते. ती प्रेरणा निर्विवाद आहे. परंतु पुस्तकात तिच्याबरोबरीने आणखी काही गोष्टी हजर आहेत. पोर्ट ट्रस्टमधील नियमित पगार, वडाळ्याचे डोक्यावरचे छप्पर आणि घरी राहून गाठता येण्याजोग्या अंतरावरील मुंबईतील शिक्षणसंस्था यांचे स्थान तिच्या शेजारीच मानावे लागते. ‘उपरा’तील बापाची शिक्षणावरील निष्ठा कमी नव्हती. कमी होते ते महिन्याच्या महिन्याला येणारे वेतन आणि कायमचा पत्ता. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली असता प्रेरणेला आर्थिक आधार मिळतो तेव्हाच ती एका पिढीत फळास येते, असा निष्कर्ष निघतो.

५. पदवी आणि नेमणूक

पदवी म्हणजे उन्नती, हे समीकरण सर्वांत प्रखरपणे तपासले आहे ते कुमुद पावडे यांच्या ‘अंतःस्फोट’ने. नागपूरच्या महार कुटुंबातील कुमुद सोमकुवर संस्कृत विषय घेऊन एम.ए. होतात. परंपरेने ज्यांना या भाषेपासून दूर ठेवले त्यांच्यातील मुलीने तिच्यावर प्रभुत्व मिळविले, म्हणून कौतुक होते. मात्र अध्यापनाची नोकरी मिळत नाही. पुढे आंतरजातीय विवाहानंतर आडनाव बदलते आणि शासकीय महाविद्यालयात नेमणूक होते. नोकरी कुमुद सोमकुवरला मिळाली नाही, ती कुमुद पावडेला मिळाली, हे लेखिकेने स्वतःच उपरोधाने नमूद केले आहे. विद्वत्ता तीच, पदवी तीच, व्यक्तीही तीच. बदलले ते केवळ आडनाव. शिक्षणातून मिळणाऱ्या भांडवलाचे नोकरीत रूपांतर होताना मध्ये आणखी एक दार असते आणि त्याची किल्ली विद्यापीठाच्या हाती नसते, हे मराठीत इतक्या थोडक्या शब्दांत क्वचितच कोणी सांगितले असेल.

‘बलुतं’मध्ये या दारापलीकडील वास्तव आहे. पशुवैद्यकीय महाविद्यालयातील किरकोळ नोकरी आणि पुढे रेल्वेतील लेखापरीक्षण खात्यातील कारकुनी मिळूनही दगडूची घालमेल संपत नाही. पांढरपेशा नोकरीने पोशाख बदलतो, परंतु वस्ती, नाती आणि कर्ज यांचा पाश लगेच सुटत नाही.

ऊर्मिला पवार यांच्या ‘आयदान’ने या प्रश्नाला आणखी एक परिमाण दिले. रत्नागिरीजवळच्या फणसवळे गावच्या या कुटुंबात शिक्षक असलेल्या वडिलांच्या मृत्यूनंतर आई बांबूची आयदाने विणून मुलांना शिकविते. म्हणजे येथे शिक्षणाचा खर्च बाईच्या बोटांतून आलेला आहे. लेखिका सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी करीत, संसार आणि मुले सांभाळत एम.ए. होते, तेव्हा विरोध येतो तो घरातूनच. पतीला पत्नीची नोकरी चालते, तिचा पगार चालतो, परंतु तिचे पुढचे शिक्षण खुपते. आर्थिक उन्नतीचे मोजमाप कुटुंब हे एकक धरून केले जाते, त्या वेळी कुटुंबाच्या आतील वाटप दिसेनासे होते. ‘आयदान’ ते दिसते करते.

६. उन्नतीचा वाटा

आनंद यादव यांच्या आत्मचरित्रमालिकेच्या स्वीकाराचा इतिहासही या संदर्भात बोलका आहे. ‘झोंबी’ला १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला, अभ्यासक्रमांत स्थान मिळाले, अनुवाद झाले. ती मॅट्रिकपाशी थांबते. महाविद्यालयीन शिक्षणाची ‘नांगरणी’ आणि स्थिरावल्यानंतर घर उभे करण्याची ‘घरभिंती’ यांची चर्चा तुलनेने फार कमी झाली. दारापर्यंत पोहोचण्याची झुंज वाचकांना भावते. दाराच्या आत गेल्यावरची वर्षानुवर्षे चालणारी ओढाताण त्यांना नीरस वाटते, असाच याचा अर्थ घ्यावा लागतो.

वस्तुतः आर्थिक उन्नतीच्या अभ्यासासाठी ‘घरभिंती’ हाच सर्वांत मोलाचा खंड आहे. शिकलेला थोरला मुलगा प्राध्यापक होतो, परंतु त्याचा पगार त्याच्या एकट्याचा नसतो. गावाकडे आईवडील आहेत, मोठा भावंडांचा पसारा आहे, त्यांची शिक्षणे, लग्ने आणि आजारपणे आहेत. मध्यमवर्गीय सहकाऱ्याचा तेवढाच पगार घर, बचत आणि पुढच्या पिढीचे शिक्षण यांकडे जातो. पहिल्या पिढीतील पदवीधराचा पगार मागच्या पिढीचे देणे फेडण्यात जातो. दोघांची वेतनश्रेणी एक असली तरी दोघांची आर्थिक स्थिती एक नसते. वेतनाच्या आकड्यांत न दिसणारे हे अंतर ललित लेखनाने टिपले आहे आणि म्हणूनच हे ग्रंथ समाजशास्त्र व अर्थशास्त्र यांच्या अभ्यासकांनाही उपयुक्त ठरतात.

७. आत्मकथनांच्या मर्यादा

या ग्रंथांना प्रमाण मानताना त्यांच्या मर्यादाही लक्षात घेणे आवश्यक आहे. पहिली मर्यादा मूलभूत आहे. जे पोहोचले त्यांनीच लिहिले. सरपंचाची सही न मिळालेल्या मुलाचे आत्मकथन उपलब्ध नाही. दत्ताजीरावांसारखा माणूस ज्या गावात नव्हता त्या गावातील आनंदची कथा लिहिली गेली नाही. म्हणून या पुस्तकांवरून जिद्द असली की मार्ग निघतो, असा निष्कर्ष काढणे तर्कदृष्ट्या सदोष आहे. ग्रंथांतील पुराव्याचा कल उलट दिशेला आहे. प्रत्येक कथेत निर्णायक क्षणी एखादा शिक्षक, एखादे वसतिगृह, एखादा नातेवाईक योगायोगाने उभा राहतो. योगायोगाची ही गर्दी व्यवस्थेच्या अपुरेपणाचीच निदर्शक आहे.

दुसरी मर्यादा रचनेची आहे. बालपणाचे चित्रण जेवढे सघन तेवढे महाविद्यालयीन काळाचे नाही. अनेक ठिकाणी पदवीची वर्षे काही पानांत उरकली जातात. वर्गात काय शिकविले गेले, प्रमाणभाषेशी आणि इंग्रजीशी कसा सामना झाला, ग्रंथालयाने काय दिले, याविषयी तपशील त्रोटक आहेत. ‘आमचा बाप आन् आम्ही’ या शीर्षकातील ‘आन्’ हा बोलीतला शब्द प्रमाणभाषेत शिकलेल्या मुलाने बापाच्या भाषेला दिलेले स्थान सूचित करतो, परंतु भाषांतराचा हा प्रवास महाविद्यालयात कसा घडला याचे चित्रण मराठी आत्मकथनांत अद्याप पुरेसे आलेले नाही.

तिसरी मर्यादा मागे राहिलेल्यांची आहे. भावंडांपैकी एक शिकतो तेव्हा इतरांचे हात शेतावर किंवा मजुरीवर असतात. बहिणींच्या वाट्याला तर बहुधा शाळेची पायरीही येत नाही. त्या पानापानांत दिसतात, परंतु त्यांना स्वतंत्र आवाज नसतो. ‘आयदान’सारख्या स्त्रीलिखित ग्रंथाचे महत्त्व त्यामुळे अधिकच वाढते.

८. आजचा संदर्भ

या तीन दारांचे आजचे स्वरूप काय आहे, याचा विचार केल्याशिवाय हे विवेचन पूर्ण होणार नाही. प्रवेशाच्या बाबतीत प्रगती झाली आहे. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये देशातील १८ ते २३ वयोगटाचे ढोबळ नोंदणी प्रमाण २८.४ होते. अनुसूचित जातींसाठी ते २५.९, तर अनुसूचित जमातींसाठी २१.२ होते. अंतर उरले आहे, तथापि ‘बलुतं’च्या काळाशी तुलना करता हा बदल लहान नाही. मात्र हे प्रमाण पटावर असलेल्यांचे आहे. त्यांपैकी किती जण वर्गात बसतात, किती जण दुपारी कामावर जातात आणि पदवीनंतर काय करतात, हे त्यातून कळत नाही.

अर्जाचे दार आता महाडीबीटी या संकेतस्थळावर आले आहे. सरपंचाच्या सहीऐवजी उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि आधारशी जोडलेले बँक खाते लागते. मध्यस्थाची मर्जी कमी झाली, ही जमेची बाजू. परंतु नावातील एका अक्षराच्या फरकाने अडकलेला अर्ज घेऊन कार्यालयाच्या खिडकीशी उभा असलेला विद्यार्थी प्रत्येक महाविद्यालयात दिसतो. ‘अक्करमाशी’तील पेच त्याला नवा नाही.

भाकरीच्या दारासंबंधी शासनाने काही पावले उचलली आहेत. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांच्या भोजन-निवासासाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना राबविली जात आहे. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून वार्षिक आठ लाख रुपयांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ करण्यात आले. हा निर्णय स्वागतार्ह आहे. परंतु शुल्क हा खर्चाचा एक भाग आहे. खोलीभाडे, खाणावळ, एस.टी.चा प्रवास आणि घरी न मिळालेली मजुरी हा दुसरा. ‘झोंबी’तील बापाने घातलेल्या अटी या दुसऱ्या भागातूनच आल्या होत्या.

तिसरे दार सर्वांत अरुंद झाले आहे. ‘घरभिंती’तील प्राध्यापकाला निदान कायम नोकरी होती. आज पहिल्या पिढीतील एखादा विद्यार्थी सेट-नेट उत्तीर्ण होऊन, पीएच.डी. मिळवून ज्या महाविद्यालयात शिकला तेथेच परततो, परंतु तासिका तत्त्वावर. त्याचे मानधन तासांवर ठरते आणि वर्गांना सुटी लागली की थांबते. कुमुद सोमकुवर यांना पदवी आणि नेमणूक यांच्यामध्ये जी पोकळी अनुभवावी लागली ती आता अपवादात्मक राहिलेली नाही. हे दृश्य महाविद्यालयीन अध्यापकांच्या स्वतःच्या विभागातील आहे, म्हणून त्याकडे पाहण्याची त्यांची जबाबदारीही अधिक आहे.

९. समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) मराठी आत्मकथनांत शिक्षणाचे आर्थिक तपशील गौण नसून कथानकाची रचनाच त्यांच्यावर उभी आहे. अर्ज, भाकरी आणि नेमणूक हे तिचे तीन टप्पे होत.

२) या ग्रंथांना केवळ यशोगाथा म्हणून वाचणे म्हणजे त्यांनी नोंदविलेल्या योगायोगांना नियम समजणे होय.

३) पदवीधराचे वेतन हे उन्नतीचे अपुरे मोजमाप आहे. त्या वेतनावर असलेला घराचा भार आणि घरातील स्त्रीच्या वाट्याला येणारा भाग यांचाही विचार करावा लागतो.

४) प्रवेशापर्यंतच्या संघर्षाला समीक्षेने व वाचकांनी दिलेले महत्त्व त्यानंतरच्या टप्प्यांना दिलेले नाही. ‘नांगरणी’, ‘घरभिंती’, ‘अंतःस्फोट’ यांचे पुनर्वाचन या दृष्टीने आवश्यक आहे.

अध्यापनाच्या पातळीवर याचा अर्थ साधा आहे. ‘झोंबी’ किंवा ‘अक्करमाशी’ वर्गात शिकविली जाते तेव्हा समोरच्या बाकांवर तेच दाखले, तीच खोलीभाड्याची चिंता आणि तीच अर्धवेळ नोकरी घेऊन बसलेले विद्यार्थी असतात. त्यांना जिद्दीचा उपदेश करण्यापेक्षा शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेत पुढे पाठविणे, विद्यार्थी सहायता निधीतून परीक्षेपूर्वी मदत देणे आणि वसतिगृहाच्या जागांसाठी संस्थेकडे आग्रह धरणे, हे या ग्रंथांचे अधिक प्रामाणिक वाचन ठरेल. लिंबाळे यांच्या प्रसंगातील सरपंच मनाने वाईट माणूस नव्हता. समोरच्या मुलाचे काय लिहावे हे त्याला सुचले नाही, इतकेच. तशी वेळ महाविद्यालयाच्या कार्यालयावर येऊ नये, एवढी खबरदारी आज घेता येण्याजोगी आहे.